देवळालीच्या मास्तरांचा मनोरा

तळेगाव ढमढेरेच्या शाखेत मी अधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा माझं वय पंचविशीचं होतं आणि अंगात साहेबपण नुकतंच शिरलं होतं. साल १९८५. वेळ नदीच्या काठचं, ढमढेरे सरदारांच्या वाड्यांचं हे गाव. नगर रस्त्यावर शिक्रापूरला उतरून आत वळायचं. बाजारच्या दिवशी शाखेत पाय ठेवायला जागा नसे. एरवी बाकांवर चार-दोन पेन्शनर मंडळी बसलेली असत. त्यांत एक निवृत्त शाळामास्तर होते. गाव त्यांना नुसतं गुरुजी म्हणे.

या गुरुजींना एक खोड होती. पेन्शन घ्यायला आले की टेबलावरची पैसे काढण्याची स्लिप उचलायची, उलटी करायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड करत बसायचं. एकदा मी ते पाहिलं आणि बँकेची स्टेशनरी फुकट घालवू नका, असं चारचौघांत सुनावलं. गुरुजी काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यापासून ते खिशात घडी घातलेलं जुन्या कॅलेंडरचं पान घेऊन येऊ लागले. मला मात्र त्यात काही खटकलं नाही. आज त्या पानाची आठवण झाली की कानशिलं तापतात.

त्या काळी बँकांची सहामाही ३० जून आणि ३१ डिसेंबरला बंद होई. संगणक नव्हते. लेजरमधल्या शेकडो खात्यांच्या शिल्लका हातानं उतरवायच्या, बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी जुळवायची. त्या जूनला सेव्हिंग्जच्या बेरजेत ६३ रुपयांचा फरक आला. रात्री उशिरापर्यंत बसलो, सापडेना. फरकाला नवानं भाग गेला की कुठंतरी दोन आकडे उलटसुलट पडलेत, ही युक्ती बँकेत सगळ्यांना ठाऊक असते. का, ते कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसलेल्या गुरुजींच्या कानावर आमची चर्चा गेली. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कॅलेंडरच्या पानावर समजावून दिलं. दोन अंक उलटे लिहिले की फरक पडतो तो त्या अंकांमधल्या अंतराच्या नऊपट. ६३ म्हणजे नऊ साते. तेव्हा ज्यांत सातचं अंतर आहे अशा अंकांच्या जोड्या बघा : ७ आणि ०, ८ आणि १, ९ आणि २. अर्ध्या तासात चूक हाती लागली. ८१ रुपये कुणीतरी १८ म्हणून चढवले होते.

मी आभार मानायला गेलो, तर गुरुजींचं लक्षच नव्हतं. ते त्या ६३ लाच धरून बसले होते. ६३ मधून ३६ वजा केले, आले २७. ७२ मधून २७ वजा, ४५. ५४ मधून ४५, उरले ९. ९० मधून ०९, ८१. आणि ८१ मधून १८ वजा केले तर पुन्हा आपले ६३! दोन आकडी संख्या अशा गोल फिरत राहतात, पण चार आकडी संख्या एका ठिकाणी जाऊन कायमच्या थांबतात, हे त्यांनी मला सांगितलं. हे ज्यांनी शोधलं ते कापरेकर मास्तर नाशिकजवळ देवळालीला राहतात, हेही सांगितलं. त्या दिवशी ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

वाचकहो, आज ते नाव आपल्या घरातल्या मुलांना गणिताच्या पुस्तकातून किंवा संगणकाच्या वर्गातून भेटतं. त्यामागच्या माणसाची कहाणी मात्र थोडक्यांनाच ठाऊक असते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. आईवेगळं पोर वडिलांशेजारी बसून ती पाहत राहिलं. ग्रहांचं काय झालं कोण जाणे, पण आकड्यांनी त्याला जो धरला तो जन्मभर सोडला नाही. माध्यमिक शाळेसाठी दत्तात्रय ठाण्याला आला. तिथं कोडी सोडवण्यात त्याचे तासन् तास जात.

पुढं पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. केंब्रिजला सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय, रँग्लर परांजपे, यांनी ज्या कॉलेजची धुरा वर्षानुवर्षं वाहिली तेच हे कॉलेज. त्यांच्याच नावाचं गणिताचं पारितोषिक १९२७ साली कापरेकरांना मिळालं, तेही स्वतंत्र विचार मांडल्याबद्दल. १९२९ साली ते पदवीधर झाले. हे कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाखाली होतं. पारितोषिक मिळवणारा हा मुलगा पुढं शिकता तर कुठल्या कुठं जाता, असं आपल्याला वाटतं. पण पदव्युत्तर शिक्षण त्यांच्या नशिबी नव्हतं. १९३० साली त्यांनी देवळालीच्या शाळेत मास्तरकी पत्करली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तिथंच राहिले.

देवळाली म्हणजे लष्करी छावणीचं गाव. शेजारीच नाशिक रोडला १९२८ पासून सरकारी नोटांचा छापखाना सुरू झालेला. बँकेत जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला याची मोठी गंमत वाटते. पलीकडं दिवसरात्र नोटांवर आकडे छापले जात होते आणि अलीकडं एक शाळामास्तर ज्यांना दमडीची किंमत नाही अशा आकड्यांवर जीव टाकत होता.

कापरेकरांच्या शोधांमधली माझी सर्वांत आवडती संख्या चांगली सतरा आकडी आहे. ती मला दाखवली तीही तळेगावच्या गुरुजींनीच. त्या जूननंतर माझं साहेबपण जरा उतरलं होतं आणि पेन्शनच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी पाच मिनिटं बसू लागलो होतो. नऊ एकम मांडा, म्हणजे १११११११११. या संख्येचा वर्ग करा. उत्तर येतं :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत पायऱ्या चढत जायचं आणि तशाच उतरत यायचं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दहं, शतं अशी जी स्थानांची नावं दिली आहेत, त्यांत शेवटचं परार्ध. आपल्या संख्येचा डावीकडचा पहिला एक बसतो तो त्याच्या फक्त एक पायरी खाली, ‘मध्य’ या स्थानावर. एवढी ही मोठी संख्या, पण ती उभी कशी राहते हे चौथीतल्या मुलालाही कळेल. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. गुणाकार मांडताना एकांच्या ओळी एकेक घर सरकत एकाखाली एक येतात, मधल्या घरात सर्वांत जास्त एक गोळा होतात आणि दोन्हीकडं ते कमी होत जातात. हातचा घ्यावाच लागत नाही. नऊ एकमांपर्यंत हे चालतं. दहावा एक आला की मधल्या घरात दहा जमतात, हातचा आला आणि मनोरा ढासळला. तिथं उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं ‘डेम्लो’. त्यामागं ना ग्रीक ना लॅटिन. जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर त्या नावाचं स्टेशन होतं, आजची डोंबिवली ती हीच, असं सांगतात. तिथं ही कल्पना सुचली म्हणून संख्यांना स्टेशनचं नाव. आगगाडीची वाट पाहत आपण घड्याळाकडं बघतो किंवा रेल्वेला शिव्या देतो. हा माणूस तेवढ्यात संख्यांचं एक कूळ शोधून मोकळा झाला. या कुळात १६५ आहे, २५५३ आहे, ४७७७३ आहे. दोन टोकांची बेरीज करावी, तोच अंक पोटात बसलेला असतो : एक आणि पाच सहा, दोन आणि तीन पाच, चार आणि तीन सात. आपला मनोरा हा या कुळातला राजा. १९३८ साली गणिताच्या एका भारतीय नियतकालिकात कापरेकरांनी या नवलाच्या डेम्लो संख्यांवर लेख लिहिला.

मग नावांची रांगच लागली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. १२ घ्या, एक आणि दोन तीन, तीन चोक बारा. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते, जसे १५ पासून २१. पण २० ला असा जन्मदाता शोधून सापडत नाही. ३१ लाही नाही, ४२ लाही नाही. या ‘स्वयंभू’. त्यांना गावाच्या प्रेमानं ‘देवळाली संख्या’ असंही नाव त्यांनी दिलं. उलट १०१ ला दोन-दोन जन्मदाते : ९१ आणि १००. शिवाय ज्यांना पुढं जगानं ‘कापरेकर संख्या’ म्हटलं त्या वेगळ्याच. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७.

हे सारं करायला प्रयोगशाळा लागली नाही, अनुदान लागलं नाही. वही आणि पेन्सिल पुरली. पण वही-पेन्सिलीनं केलेल्या कामाला प्रतिष्ठा नसते. विद्यापीठांतल्या बऱ्याच गणितींना हा पोरखेळ वाटे. कापरेकर पदरमोड करून गणित परिषदांना जात, आपली टिपणं वाचत, स्वतःच्या खर्चानं पुस्तिका छापत. सभागृहात कुणी हसलं तरी ते पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

टीकाकारांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपल्याला दहा बोटं म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. बोटं आठ असती तर या संख्यांचे चेहरे बदलले असते. तेव्हा हे संख्यांचे गुण म्हणायचे की ती लिहिण्याच्या रीतीचे, असा प्रश्न उभा राहतो. पण लिहिण्याची रीत हीसुद्धा शोधण्याजोगी गोष्ट आहे. आणि आमच्या लेजरमधले ६३ रुपये त्या रीतीतूनच निसटले होते.

शिवाय ही खेळणी सुटी सुटी आहेत असं वरवर दिसतं, ते तसं नाही. त्या सतरा आकडी मनोऱ्याकडंच पुन्हा या. त्याच्या अंकांची बेरीज करा, ८१ भरते. मनोऱ्याला ८१ नं भाग द्या. बरोबर भाग जातो, बाकी शून्य. म्हणजे डेम्लो कुळातला हा राजा हर्षदही आहे! भागाकार येतो तो पूर्ण वर्ग, १२३४५६७९ या संख्येचा. ओळीनं सगळे अंक, फक्त आठ गायब. आता भाग देण्याऐवजी मनोऱ्याला ८१ नं गुणा. येतात ९९९९९९९९८००००००००१. मधोमध तुकडे करा, ९९९९९९९९८ आणि १. बेरीज नऊ नव्वे, ९९९९९९९९९, आणि त्याचाच तर हा वर्ग! म्हणजे ती झाली कापरेकर संख्या. तीन वेगवेगळ्या वेळी, तीन नावांनी मांडलेली नाती एकाच घरात नांदताना दिसतात. पोरखेळ असता तर एवढी सोयरीक जुळली नसती.

ज्या शोधानं त्यांचं नाव जगभर गेलं तो मात्र चार आकडी आहे. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वेळा केलं की तुम्ही ६१७४ वर पोचता, आणि तिथून हलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च. तीन आकडी संख्या अशाच ४९५ वर थांबतात. पाच आकडींना असा एक मुक्काम नाही, त्या फेऱ्यांत अडकतात. कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं आणि १९५५ साली ते परदेशी नियतकालिकात छापून आलं. तरीही देवळालीत काही बदललं नाही. मास्तर सकाळी शाळेत जात होते, संध्याकाळी वही उघडत होते.

निवृत्तीनंतर सवड मिळाली. १९६३ साली स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका निघाली. पण १९६६ साली पत्नी गेल्या, आणि मागं उरली ती अपुरी पेन्शन. राहणी अगदी साधी, गरजा जवळजवळ नाहीतच, तरी भागेना. ज्यानं तोवर संख्यांची अर्धा डझन नवी कुळं जगाला दिली होती, त्या माणसाला साठी उलटल्यावर पोटासाठी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या.

रामानुजनना हार्डी भेटला, तेव्हा ते पंचविशीत होते. कापरेकरांचा हार्डी उशिरा आला आणि तो पत्रकार होता. अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात गणिताच्या गमतींचं सदर चालवणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या अंकात कापरेकरांच्या शोधांवर लिहिलं. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. जगातले गणिती एकाएकी देवळालीचं नाव घेऊ लागले. आज कापरेकर संख्या, कापरेकरांचा स्थिरांक आणि हर्षद संख्या ही नावं जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत रुळलेली आहेत. सन्मान आला, पण आयुष्याची संध्याकाळ झाल्यावर. आपल्याकडं त्यांना लोक ‘गणितानंद’ म्हणत. हे नाव मला सगळ्या सन्मानांपेक्षा खरं वाटतं, कारण आनंद हाच त्यांचा पगार होता आणि तो त्यांना वेळच्या वेळी मिळत गेला.

गुरुजींची एकच इच्छा होती. एकदा देवळालीला जाऊन मास्तरांना भेटून यायचं. शिक्रापूरहून चाकणला गेलं की पुढं नाशिकचा रस्ता लागतो, एका दिवसात परत येऊ, असं ते मला दर महिन्याला सांगत. मी हो म्हणे. मग तपासणी येई, कर्जवसुली येई, डिसेंबरची सहामाही येई. १९८६ साली कापरेकर गेले. गुरुजी पेन्शनला आले तेव्हा कॅलेंडरचं पान त्यांनी खिशातून काढलं नाही. आपण जायला हवं होतं, एवढंही ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. काही वर्षांनी माझी बदली झाली, पुढं गुरुजीही गेल्याचं कळलं.

त्यानंतर मी बँकेत बरीच वर्षं काढली. रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर कादंबऱ्या लिहिल्या. याचा उपयोग काय, प्रमोशनची परीक्षा का देत नाही, असं घरातली आणि बाहेरची माणसं विचारत. तेव्हा मला स्लिपची कोरी बाजू आठवे. माणूस पोटासाठी जे करतो ते पुढच्या बाजूला लिहिलेलं असतं, तारीख, रक्कम, सही. त्याचं खरं आयुष्य पुष्कळदा मागच्या बाजूला असतं, आणि तिथं काउंटरपलीकडून कुणी पाहत नाही. मी पाहिलं होतं, आणि स्टेशनरीचा हिशोब सांगितला होता.

निवृत्त झाल्यावर एकदा सहज चाळा म्हणून मी मास्तरांचं जन्मसाल घेतलं, १९०५. ९५१० मधून ०१५९ वजा केले, ९३५१. ९५३१ मधून १३५९, ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात पावलं, जास्तीत जास्त लागतात तेवढी. मग त्यांचं मृत्यूचं साल घेतलं, १९८६. ९८६१ मधून १६८९ वजा केले, तर पहिल्याच पावलाला ८१७२! पुढचा सगळा रस्ता तोच. जन्म आणि मृत्यूच्या वाटा एका जागी मिळतात आणि बरोबरीनं चालत ६१७४ पाशी जाऊन थांबतात.

यात काही संकेत आहे असं मी म्हणणार नाही. सगळ्याच वाटा तिथं जातात, हेच तर मास्तरांनी सिद्ध केलं. पण हे गुरुजींना दाखवायला हवं होतं, असं वाटून गेलं. आज रविवार आहे. घरातल्या नातवंडाला जवळ घ्या, त्याचं जन्मसाल कागदावर मांडायला सांगा आणि वजाबाक्या करू द्या. साल २००० असेल तर गाडी चार पावलांतच पोचेल. आणि कागद कुठला घेतला, हे विचारू नका.